कुत्र्याचं गजकर्ण: केस पचवणारी बुरशी

कुत्र्याच्या अंगावर गोल टक्कल पडलं, कडेला लालसर वर्तुळ दिसलं, की कोणीतरी ठामपणे सांगतं, "गजकर्ण आहे, मलम लावा." हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. कुत्र्यांत असे गोल चट्टे जिवाणूंच्या संसर्गाने जास्त पडतात. डेमोडेक्स नावाच्या, गोचिडाच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवानेही पडतात. नुसत्या डोळ्यांनी हे तिन्ही वेगळे ओळखणं पशुवैद्यालाही अवघड जातं. त्यात मलमात स्टिरॉइड असेल तर खाज थांबते, लाली उतरते आणि त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी मात्र पसरत राहते.

कुत्र्यांमध्ये गजकर्ण हा आजार प्रामुख्याने मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. तिचं अन्न म्हणजे केराटिन, केस आणि त्वचेचा वरचा मृत थर ज्याचा बनतो ते प्रथिन. हे पचवणं सोपं नाही. केराटिनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं आणि शेजारच्या साखळ्यांतले गंधकाचे अणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. या डायसल्फाइड बंधांपुढे पोटातली विकरंही हात टेकतात. मांजर ओकून टाकते तो केसांचा गोळा न पचलेला असतो, तो याचमुळे.

बुरशी इथे सल्फाइट हे गंधकाचं संयुग वापरते. ते बंध तोडतं, साखळ्या सैल होतात आणि मग प्रथिनं कापणारी विकरं आत शिरतात. हे सल्फाइट येतं कुठून, तेच मला सर्वांत विलक्षण वाटतं. केराटिन पचलं की त्यातून सिस्टीन, म्हणजे तेच गंधकयुक्त अमिनो आम्ल, सुटतं. ते जादा झालं तर खुद्द बुरशीलाच विषारी. म्हणून ती त्याचं सल्फाइट करून बाहेर फेकते. जेवणातून उरलेलं विष पुढचा घास तोडायला कामी येतं! बुरशीचे तंतू केसाच्या मुळाकडे वाढत जातात, पण जिथे पेशी अजून जिवंत आहेत तिथे थांबतात. पोखरलेला केस त्वचेलगत मोडतो आणि टक्कल दिसतं.

याच खाद्यसवयीवर निदानाची एक चाचणी उभी आहे. चट्ट्याच्या कडेचे केस डीटीएम (डर्मॅटोफाइट टेस्ट मीडियम) या, बुरशी वाढवून पाहण्याच्या पिवळ्या माध्यमावर ठेवतात. त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत आणि फिनॉल रेड हा दर्शक आहे. हवेतून आलेली इतर बुरशी आधी साखर संपवते. गजकर्णाची बुरशी पहिल्यापासून प्रथिनांवर तुटून पडते. अमोनिया सुटतो, माध्यम अल्कधर्मी होतं आणि पांढुरकी वाढ दिसू लागतानाच भोवती लाल रंग चढतो. साखर संपल्यावर इतर बुरशीही प्रथिनांकडे वळते आणि माध्यम लाल करते, म्हणून नमुना रोज पाहावा लागतो. एकदम दोन आठवड्यांनी पाहिलेल्या लाल रंगावर विसंबता येत नाही. शेवटी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावेच लागतात.

अतिनील किरणांच्या वुड्स लॅम्पखाली मायक्रोस्पोरम कॅनिसने ग्रासलेले केस हिरवे चमकतात. केस चमकले पाहिजेत. कोंडा किंवा मलमही चमकतं, ते धरायचं नाही. गजकर्णाच्या इतर नेहमीच्या बुरशी चमकत नाहीत, त्यामुळे चमक नाही म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

कानात, पंजांत तेलकट, कुबट वासाचा त्रास असेल तर तो गजकर्णाचा नव्हे, बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टचा, म्हणजे एकपेशीय बुरशीचा. ते निरोगी त्वचेवरही थोडं असतंच. ते बेसुमार का वाढलं, हे शोधावं लागतं. कारण अनेकदा ॲलर्जी निघतं.

गजकर्णावर पोटातून इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन देतात. सोबत लाइम सल्फरने किंवा मायकोनॅझोल-क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने, साधारणपणे आठवड्यातून दोनदा, अंग धुतात. नुसतं मलम केसाच्या आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. इंजिन ऑइल किंवा टी ट्री ऑइल लावायचे सल्ले तर सरळ धोकादायक आहेत: कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जातं.

केस परत उगवले म्हणून औषध थांबवू नये. चाचणीत बुरशी उगवेनाशी होईपर्यंत ते पशुवैद्याच्या देखरेखीखाली चालू ठेवतात. गळालेल्या केसांतले बीजाणू कोरड्या जागी कित्येक महिने तग धरतात आणि माणसांना, विशेषतः लहान मुलांना, लागण करू शकतात. म्हणून उपचार चालू असेपर्यंत कुत्र्याचं अंथरूण वेळोवेळी धुवावं, फरशीवरचे केस झटकण्याऐवजी व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचलावेत आणि घरातल्या बाकी कुत्र्या-मांजरांचीही तपासणी करून घ्यावी.