ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं प्रेशर इक्विपमेंट आणि व्हॉल्व्हचं रजिस्ट्रेशन

बॉयलर, एअर रिसीव्हर (दाबलेल्या हवेची टाकी), एलपीजीची टाकी, रिअ‍ॅक्टर (ज्या भांड्यात रासायनिक प्रक्रिया होते) आणि या सगळ्यांवर बसणारे व्हॉल्व्ह, थोडक्यात आत दाब धरून ठेवणारी कारखान्यातली वस्तू, वापरायच्या आधी सरकारी खात्याकडे नोंदवावी नाहीतर अधिकृत माणसाकडून तपासून घ्यावी लागते. शॉप फ्लोअरवर या सगळ्यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात. ठाण्याचं वागळे इस्टेट, नवी मुंबईत दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भेपर्यंत गेलेली टीटीसी एमआयडीसी, खाली तळोजा आणि वर डोंबिवली-अंबरनाथ, या पट्ट्यात केमिकल, फार्मा, डाइंग, फूड असं वाफेवर चालणारं काम एवढं आहे की मेंटेनन्सच्या माणसाला याच्याशी रोजचं देणंघेणं असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्यायची, या कामाला एकच खिडकी नाही. आत काय भरलंय त्यावर कायदा ठरतो आणि कायद्यावर ऑफिस. वाफ असेल तर राज्य सरकारचं बाष्पके संचालनालय, ज्याला सगळे बॉयलर ऑफिसच म्हणतात. दाबाखाली साठवलेला गॅस असेल तर केंद्राचं पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं खातं, त्याचं मुख्य ऑफिस नागपूरला पण पश्चिम विभागाचं आपल्या सीबीडी बेलापूरला आहे. आणि कॉम्प्रेसरचा एअर रिसीव्हर, प्रोसेस व्हेसल, रिअ‍ॅक्टर असलं काही असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे डिश. एकाच शेडमध्ये तिन्ही प्रकार असतात आणि गोंधळ तिथेच होतो, बॉयलरचं सर्टिफिकेट भिंतीला लावलेलं असतं म्हणून मालकाला वाटतं सगळं झालं, आणि शेजारचा रिअ‍ॅक्टर वर्षानुवर्षं कुणी उघडून बघितलेलाच नसतो.

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा सुरुवातीच्या बातम्या बॉयलर फुटल्याच्या होत्या, नंतर रिअ‍ॅक्टर फुटल्याचं पुढे आलं. बाहेरच्या माणसाला हा फरक बारीक वाटेल पण यावरच ठरतं की ते उपकरण कुठल्या खात्याने, किती महिन्यांनी, काय उघडून बघायचं होतं.

बॉयलरचा कायदा सगळ्यात जुना. १८६३ मध्ये कलकत्त्याला बॉयलर फुटून माणसं गेली, त्यातून १८६४ चा बंगालचा कायदा आला, पुढे देशभरासाठी १९२३ चा कायदा आणि त्याखाली १९५० ची इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, म्हणजेच आयबीआर. २०२५ मध्ये १९२३ चा कायदा जाऊन नवीन बॉयलर्स अ‍ॅक्ट आला, त्यात किरकोळ चुकांसाठीची फौजदारी शिक्षा काढून दंड ठेवला, जिथे जीव जाऊ शकतो अशा चुकांना मात्र शिक्षा कायम आहे. रोजचं काम अजून आयबीआरवरच चालतं. २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारा बॉयलर यातून सुटतो, म्हणून लाँड्री, हॉटेल, छोट्या फूड युनिटमध्ये नॉन-आयबीआर कॉइल बॉयलर दिसतात. कायद्याने ते चालतं, पण नॉन-आयबीआर म्हणजे धोका नाही असा अर्थ काढून त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीच न तपासणं हे फार वाईट.

बॉयलर नोंदला गेला की त्याला नंबर मिळतो, महाराष्ट्राचा असेल तर पुढे एमआर लागतं, आणि तो नंबर बॉयलरच्या अंगावरच पंच करतात. मग दर वर्षी इन्स्पेक्शन. बॉयलर बंद करून थंड करायचा, पाणी काढायचं, मॅनहोल उघडायचं, माउंटिंग्ज (अंगावर बसवलेले व्हॉल्व्ह, गेज वगैरे) खोलून ठेवायच्या, दुसऱ्या बॉयलरला जोडलेली लाइन असेल तर ब्लँक करायची, म्हणजे प्लेट घालून बंद करायची, मग आत शिरून ट्यूब, स्केल (साठलेला क्षार), गंज बघतात, लागेल तशी हायड्रॉलिक टेस्ट (पाणी भरून दाबाची तपासणी) होते. शेवटी स्टीम ट्रायल, तिथे दाब वाढवत नेतात आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उडतो, म्हणजे उघडून वाफ सोडतो का ते समोर उभं राहून बघतात, उडला आणि नीट बसला तर सील लागतं. सर्टिफिकेट जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं. मधेच अपघात झाला, बॉयलर जागचा हलवला किंवा त्याच्या बांधणीत बदल केला तर तारीख शिल्लक असली तरी ते संपतं, आणि अपघात २४ तासांत कळवावा लागतो.

आता व्हॉल्व्ह, आणि खरी रखडपट्टी इथेच होते. आयबीआरमध्ये फक्त बॉयलर येत नाही, स्टीम लाइनही येते, साडेतीन किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर दाब असेल किंवा दाब एक किलोच्या वर आणि पाइप आतून २५४ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर. अशा लाइनवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला फॉर्म थ्री-सी, म्हणजे बनवताना झालेल्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, पाइपला थ्री-ए. थ्री-सी वर व्हॉल्व्हचा साइज, रेटिंग, मटेरियल, हीट नंबर (धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा), टेस्ट प्रेशर असतं आणि इन्स्पेक्शन करणाऱ्याची सही असते. कागदावरचा नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळला पाहिजे. हीट नंबर बहुतेक वेळा कास्टिंगवरच उठावात असतो, त्यावर ग्रे पेंटचे दोन हात मारले की वाचता येत नाही, मग इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी वायर ब्रश घेऊन पेंट काढत बसावं लागतं. तो नंबर जुळला नाही तर व्हॉल्व्ह कितीही चांगल्या मेकचा असो, त्या लाइनवर बसत नाही.

त्यामुळे थ्री-सी पाहिजे हे परचेस ऑर्डरमध्येच लिहायचं. मुंबईच्या नागदेवी बाजारात तसाच दिसणारा, तेवढ्याच रेटिंगचा व्हॉल्व्ह बऱ्याच कमी किमतीत मिळतो, रात्री ब्रेकडाउनला कुणीतरी तो आणून बसवतो, लाइन चालू होते, आणि माल विकून झाल्यावर मागून त्याचा थ्री-सी बनवता येत नाही कारण टेस्ट इन्स्पेक्टरसमोर व्हायला हवी होती. वाफेचा दाब कमी करणाऱ्या प्रेशर रिड्युसिंग स्टेशनचंही तसंच, त्याच्या अलीकडची लाइन आयबीआर, पलीकडे दाब साडेतीनच्या आत आला आणि पाइप मोठा नसला तर नाही. ही हद्द ड्रॉइंगवर स्पष्ट काढून ठेवावी.

गॅसच्या टाक्यांना २०१६ चे एसएमपीव्ही रूल्स (दाबाच्या टाक्यांचे केंद्राचे नियम) लागतात, १००० लिटरपेक्षा मोठी टाकी असेल तर. एलपीजी बुलेट (मोठी आडवी टाकी), अमोनिया, क्लोरीन, लिक्विड ऑक्सिजन, नायट्रोजन हे सगळं त्यात. तिथे टाकीच नाही तर तिच्यावरचा रिलीफ व्हॉल्व्ह, एक्सेस फ्लो व्हॉल्व्हसुद्धा (प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा) पेसोच्या मान्यतेचा लागतो. टाकीची हायड्रो टेस्ट साधारण पाच वर्षांनी, विषारी किंवा गंजवणारा गॅस असेल तर दोन वर्षांनी.

डिशच्या कक्षेतल्या व्हेसलला बॉयलरसारखा अंगावर नंबर नसतो, तिथे कॉम्पिटंट पर्सनचा, म्हणजे खात्याने मान्यता दिलेल्या तपासनीसाचा रिपोर्ट हाच पुरावा. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फॅक्टरी रूल्सप्रमाणे बाहेरून सहा महिन्यांनी, आतून १२ महिन्यांनी आणि हायड्रो टेस्ट चार वर्षांनी. खातं दारात येऊन मागेपर्यंत हे कुणी आठवण करून देत नाही, म्हणूनच सगळ्यात जास्त ढिलाई याच कामात होते असं मला वाटतं.

या पट्ट्यात व्हॉल्व्ह बनवून बाहेर पाठवणारेही आहेत, त्यांना तिकडचे नियम लागतात. युरोपला पीईडी (तिकडचा प्रेशर इक्विपमेंटचा नियम), अर्धा बारच्या वरच्या दाबाला. कॅनडाला सीआरएन (कॅनडाचा रजिस्ट्रेशन नंबर), आणि तो प्रांताप्रमाणे: नंबरच्या टिंबानंतर २ म्हणजे अल्बर्टा, ५ म्हणजे ओंटारिओ, एका प्रांताची मान्यता दुसऱ्यात आपोआप चालत नाही. व्हॉल्व्ह त्यांच्या फिटिंगच्या यादीत सी कॅटेगरीत येतात आणि फिटिंगचं रजिस्ट्रेशन दहा वर्षांनी रिन्यू करावं लागतं. मुख्य फरक असा की सीआरएन डिझाइनला मिळतो, आपला थ्री-सी मात्र त्या-त्या तपासलेल्या मालाला, त्यामुळे कॅनडाचा नंबर असलेला एक्स्पोर्टमधून उरलेला व्हॉल्व्ह इथल्या स्टीम लाइनला तेवढ्यावर चालत नाही.

जुना बॉयलर विकत घेणं हेही इथे नेहमीचं, युनिट बंद पडतात किंवा दुसरीकडे जातात आणि बॉयलर हातोहात फिरतो. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो पण बदली कळवल्याशिवाय चालवता येत नाही. पैसे द्यायच्या आधी रजिस्ट्रेशन बुक मागायचं, अंगावरचा पंच केलेला नंबर स्वतः वाचून बुकाशी लावून बघायचा, आणि दुरुस्तीच्या नोंदी बघायच्या, कारण ट्यूब किंवा प्लेट बदलली असेल आणि बुकात तिची नोंद नसेल तर ते सगळं वेल्डिंग नव्या मालकाच्या गळ्यात येतं.