साठी, बुद्धी आणि लाल इंजेक्शन

आमच्या आत्याला दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहायची सवय. दोन वर्षांपूर्वी ती एकाच तारखेच्या चौकोनात तीनतीनदा आकडा लिहायला लागली, पायातली चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही, आणि घरात सगळे म्हणायचे वय झालं, साठी बुद्धी नाठी. शेवटी रक्त तपासलं तर बी-१२ व्हिटॅमिन पार तळाला गेलेलं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय.

याचा शोध लागला तो मेंदूमुळे नाही, रक्तामुळे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसननी एका अ‍ॅनिमियाचं वर्णन केलं, त्यात पेशंट फिका पडत पडत जायचा आणि उपाय काहीच नव्हता. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी अशा पेशंटना रोज भरपूर लिव्हर खायला घातलं आणि माणसं चक्क उठून बसली, त्यासाठी १९३४ मध्ये व्हिपलसोबत त्यांना नोबेल मिळालं. लिव्हरमधलं नेमकं औषध काय ते कळायला १९४८ उजाडलं, तेव्हा लाल स्फटिक हाती आले, हेच बी-१२. त्यात कोबाल्ट असतो आणि इंजेक्शनचा तो लाल रंग त्यातूनच येतो.

पण अ‍ॅनिमियाशी नाव जोडलं गेलं ना, तिथेच घोळ झाला. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणजे बी-१२ ठीक असणार असं धरून चालायचे. १९८८ मध्ये लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२ कमी असल्यामुळे नसांचा किंवा मेंदूचा त्रास झालेले १४१ पेशंट पाहिले, त्यातल्या ४० जणांना अ‍ॅनिमिया नव्हताच! मला तर हा पेपर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आत्याचंही हिमोग्लोबिन नॉर्मल होतं आणि म्हणूनच आम्ही निवांत राहिलो.

मग होमोसिस्टीन. हे शरीरात तयार होणारं एक अमिनो आम्ल, बी-१२ किंवा फोलेट (हेही बी गटातलंच व्हिटॅमिन) कमी पडलं की ते रक्तात साचत जातं. २००२ मध्ये सुधा शेषाद्री आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १,०९२ वयस्कर लोकांचा अभ्यास मांडला, ज्यांचं होमोसिस्टीन लिटरमागे १४ मायक्रोमोलच्या वर होतं त्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला.

आणि आपल्याकडे? २००६ मध्ये पुण्यातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या गावांतले ४४१ पुरुष तपासले, चांगले धडधाकट, तर ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. वरण-भात-भाजीत बी-१२ नसतंच, शाकाहाऱ्याला जे काय मिळतं ते दूध-दह्यातून.

गोळ्या घेतल्या की स्मृती परत येते का, इथे मात्र गाडी अडते. ऑक्सफर्डच्या २०१० च्या ट्रायलमध्ये बी व्हिटॅमिन्स घेणाऱ्यांचा मेंदू आकसण्याचा वेग सरासरी ३० टक्क्यांनी कमी झाला, होमोसिस्टीन जास्त असलेल्यांमध्ये त्याहून जास्त, पण इतर मोठ्या ट्रायल्समध्ये स्मृतीवर असा ठळक फायदा दिसला नाही. अल्झायमर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार ही कारणं वेगळीच असतात, ती बी-१२ ने जात नाहीत.

आत्याला डायबेटिससाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू होतं, त्यानेही बी-१२ उतरतं, शिवाय वयाप्रमाणे पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिचं चालणं सुधारलं, कॅलेंडरवर आता एका तारखेला एकच आकडा असतो. नातवंडांची नावं अजून अडतात, ती परत जमतील का ते डॉक्टरही सांगत नाहीत.