विष रक्तात झालं की नळीत?

‘या औषधाचं शरीरात विष बनतं’ असा मजकूर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला की मी एवढंच विचारतो: मोजलं कुठे? उंदरात, माणसात, की प्रयोगशाळेच्या नळीत? प्रश्न खोडसाळ वाटेल, पण क्लोरल हायड्रेटच्या बाबतीत सगळं त्यावरच अडलं होतं.

तपासणीच्या वेळी लहान मुलं शांत झोपावीत म्हणून हे औषध अनेक दशकं वापरलं गेलं. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइखने ते झोपेसाठी आणलं, तेही चुकीच्या तर्कावर. अल्कलीत टाकलं की त्याचं क्लोरोफॉर्म होतं. रक्त किंचित अल्कधर्मी, म्हणजे आतही तेच होणार! झोप आली, तर्क मात्र फसला. शरीरातली एन्झाइम त्याचं झपाट्याने ट्रायक्लोरोइथेनॉल करतात आणि गुंगी त्याची असते. काही भागाचं ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल बनतं. ते चिवट, निम्मं व्हायलाच सुमारे ४ दिवस लागतात.

धास्ती होती ती त्याच्या भावंडाची, डायक्लोरोॲसिटिक आम्लाची. फरक एका क्लोरीनचा, पण याने उंदरांच्या यकृतात गाठी होतात. रक्ताच्या नमुन्यांत ते सापडू लागलं आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

खरी गंमत पुढे आहे. मोजणीआधी नमुन्यात तीव्र आम्ल घालायची पद्धत होती. ताज्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं लोह फेरस अवस्थेत असतं, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला तयार. आम्ल पडलं की ट्रायक्लोरो रेणू ते इलेक्ट्रॉन घेतो, एक क्लोरीन क्लोराइड होऊन सुटतो, त्या जागी हायड्रोजन बसतो. झालं डायक्लोरो! शरीराबाहेर, तपासणाऱ्याच्या हातात. १९९६ मध्ये हे छापून आलं.

पडताळा साधा आहे. औषध कधीच न घेतलेल्या माणसाचं ताजं रक्त घ्या, त्यात शुद्ध ट्रायक्लोरो आम्ल मिसळा आणि नमुना त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी डायक्लोरो दिसलं, तर ते यकृताच्या नावावर मांडता येत नाही.

म्हणून औषध निर्दोष ठरत नाही. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, हृदयाची लय बिघडते. त्याला डायक्लोरो लागत नाही. गुंगी आणणारं ट्रायक्लोरोइथेनॉलच पुरतं.