छोट्या वाइनरीची वाइन मुंबईत पोचली ती अशी

दिंडोरी-इगतपुरीकडच्या छोट्या वाइनरी मुंबईत टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखायचे कार्यक्रम, ठेवतात, तेव्हा अनेकांना ती श्रीमंती हौस वाटते. मला ती त्या उत्पादकांची गरज वाटते.

राज्यात 1949चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. प्यायलाही परवाना लागतो, वाइन-बिअरसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. पूर्वी मुंबईत वाइन म्हणजे ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) शेजाऱ्यांची नाताळातली घरगुती वाइन, नाहीतर गोव्याची गोड पोर्ट. त्या गोडीला सरावलेल्या जिभेला कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ न उरलेली, वाइन आजही पहिल्या घोटाला आंबट-तुरट लागते.

1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन बनवली. 1999च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकला ‘सुला’ उभी केली. पण लहान बागायतदाराला दार उघडलं ते 2001च्या राज्य धोरणाने: उत्पादन शुल्कात माफी, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क, म्हणजे वाइनरींसाठीच्या औद्योगिक वसाहती. थॉमसन या बिनबियांच्या जातीचे लांबट मणी खायला उत्तम, पण वाइनला लहान, जाड सालीचे, बियांचे मणी लागतात. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, आणि तुरटपणा साल आणि बियांतून. म्हणून शिराझ, काबर्ने, शेनिन ब्लां या वाइनच्या जातींची लागवड वाढली.

मग 2008 आलं. मंदी, पाठोपाठ 26/11चा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांतच राहिली. कराराने पिकवलेली द्राक्षं उचलायला कोणी येईना, तेव्हा शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. या पडझडीबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. जे तगले त्यांना जाहिरातीची मुभा नाही, आणि दुकानातली फळी मोठ्या कंपन्यांनी व्यापलेली. जानेवारी 2022मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, पण विरोधामुळे तो अमलात आला नाही. उरला मार्ग थेट चव दाखवण्याचा.

तेव्हा टेस्टिंगला गेलात तर उत्पादकाला ऑक्टोबर छाटणीची तारीख जरूर विचारा. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. ही दुसरी लांबली की तोडणी मार्चच्या उन्हात जाते. मण्यात साखर चढते, आंबटपणा उतरतो, आणि वाइन जड, गरम लागते. जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेल्या शेनिनमध्ये तो आंबटपणा टिकलेला असतो.