काळा ठोकळा, दमट हवा आणि हलकं स्टिअरिंग

पंख्याच्या खोक्यावर 'बीएलडीसी' (म्हणजे ब्रशलेस डीसी मोटार) आणि ड्रिल मशीनच्या खोक्यावर 'ब्रशलेस' अशी मोठी अक्षरं आता सर्रास दिसतात. ब्रश म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून त्यात वीज पोहोचवणारा कार्बनचा छोटा ठोकळा. त्या जाहिरातींमुळे एक समज पक्का होत चालला आहे: ब्रशची मोटार म्हणजे जुनाट, घासणारी, ठिणग्या उडवणारी, कधीही दगा देणारी. अशा वेळी कुणाला कळतं की कित्येक छोट्या मोटारगाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये वर्षानुवर्षं ब्रशचीच मोटार बसत आली आहे, आणि लगेच प्रश्न येतो, 'एवढ्या जबाबदारीच्या जागी कार्बनचा तुकडा? कंपनीने पैसे वाचवले का?' पैसे वाचतात हे खरं आहे. पण त्या तुकड्यामागे जे विज्ञान आहे ते इतकं सुंदर आहे की त्याला नुसतं 'स्वस्त' म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

आधी थोडक्यात स्टिअरिंगबद्दल. जुन्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा पंप असे. तो इंजिनवरच्या पट्ट्याने सतत फिरायचा, रस्ता सरळ असला तरी. 1988 मध्ये जपानमध्ये सुझुकीने 'सर्व्हो' या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटार वापरली, आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. यात स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण चाक फिरवायला जोर लावला की ती काही अंशांनी पिळली जाते. हा पीळ सेन्सर मोजतो, कंट्रोलर गाडीचा वेग बघतो आणि त्यानुसार मोटारीला करंट सोडतो. उभ्या गाडीत टायर जमिनीवर रगडला जातो म्हणून मदत सर्वांत जास्त लागते. हायवेवर ती मुद्दाम कमी ठेवलेली असते.

छोट्या गाडीत ही मोटार बहुतेक वेळा डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेली असते. मध्ये वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारी जोडी. समजा त्याचं प्रमाण 18 आहे, म्हणजे स्टिअरिंग एकदा फिरलं की मोटार 18 वेळा फिरते. पार्किंग करताना ती 12 व्होल्टच्या बॅटरीतून सहज 40 अँपिअर घेते. घरातला मिक्सर 230 व्होल्टवर दोन-तीन अँपिअरमध्ये काम भागवतो, हे लक्षात घेतलं की 40 हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. हा सगळा प्रवाह एका फिरत्या वस्तूत शिरायचा आहे, तोही फक्त दाबून धरलेल्या ठोकळ्यांमधून.

चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज गेली की तारेवर बल येतं, हे आपण शाळेत शिकलो. वेटोळं अर्धा फेरा फिरलं की त्यातल्या प्रवाहाची दिशा उलटवावी लागते, नाहीतर ते जागच्या जागी डुलत राहील. हे काम कम्युटेटर करतो: तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं, पट्ट्यांच्या मध्ये इन्सुलेशन, आणि वरून स्प्रिंगने दाबलेले ब्रश. (चुंबकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवला की मायलेज वाढतं असं सांगून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या घेऊ नका. चुंबकाचं बल करंट वाहणाऱ्या तारेवर चालतं, ते मोजता येतं, त्यावर मोटार फिरते. पेट्रोलवर त्याचा उपयोगी पडेल असा काहीही परिणाम होत नाही.)

सुरुवातीच्या यंत्रांत ब्रश तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे असत. तांबं उत्तम वाहक, मग दुसरं काय वापरणार? पण ते ब्रश प्रचंड ठिणग्या टाकायचे आणि कम्युटेटर खरवडून काढायचे. जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1885 मध्ये कार्बनच्या ब्रशचं पेटंट घेतलं, आणि 1888 च्या सुमारास चार्ल्स व्हॅन डेपोल यांनी अमेरिकेत ट्रामच्या मोटारींमध्ये ते यशस्वी करून दाखवले. तांब्यापेक्षा कितीतरी पट वाईट वाहक असलेला पदार्थ आणला आणि ठिणग्या कमी झाल्या! हे का झालं, त्यासाठी थोडा वेळ द्यायला हवा.

ब्रश एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर सरकतो तेव्हा काही क्षण तो दोन्ही पट्ट्यांवर एकदम बसलेला असतो. त्या दोन पट्ट्यांना जोडलेलं वेटोळं त्या काळात ब्रशनेच शॉर्ट केलेलं असतं. आपल्या मोटारीत चार ब्रश आहेत असं धरू, म्हणजे 40 पैकी 20 अँपिअर एका ब्रशमधून जातात, आणि ते आत गेल्यावर डावीकडे 10, उजवीकडे 10 असे वाटले जातात. ब्रश सरकण्यापूर्वी आपल्या वेटोळ्यात 10 अँपिअर एका दिशेने वाहत असतात, आणि ब्रश पूर्ण सरकेपर्यंत तेच 10 अँपिअर उलट दिशेने वाहायला हवेत. वेळ किती? कम्युटेटरला 22 पट्ट्या असल्या आणि आपण स्टिअरिंग सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवलं, तर सेकंदाला 18 गुणिले 22 म्हणजे 396 पट्ट्या ब्रशखालून जातात. एका पट्टीच्या वाट्याला साधारण अडीच मिलिसेकंद येतात.

वेटोळ्याला प्रेरकत्व असतं. भरलेली बैलगाडी जशी एकदम थांबत नाही आणि एकदम मागेही जात नाही, तसा त्यातला प्रवाह बदलाला विरोध करतो. तांब्याचा ब्रश या विरोधाला काहीच उत्तर देत नाही, कारण त्याचा रोध जवळजवळ शून्य. प्रवाह जुन्या दिशेनेच रेंगाळतो, आणि ब्रशची मागची कड पट्टी सोडते त्या शेवटच्या क्षणी तो एकदम तोडला जातो. प्रेरकत्वातला प्रवाह एकदम तोडला की व्होल्टेज उसळतं. हीच ती ठिणगी.

आता कार्बन घ्या. त्याचा संपर्करोध, म्हणजे ब्रश पट्टीला टेकतो तिथे विजेला होणारा अडथळा, लक्षणीय आहे, आणि जेवढं क्षेत्रफळ टेकलेलं तेवढा तो कमी. ब्रशचा तीन चतुर्थांश भाग जुन्या पट्टीवर आणि एक चतुर्थांश नव्या पट्टीवर असेल तेव्हा दोन वाटांचे रोध 1 आणि 3 या प्रमाणात असतात. म्हणून 20 अँपिअर 15 आणि 5 असे विभागतात. जुन्या पट्टीला 15 मिळाले, त्यातले 10 पलीकडच्या वेटोळ्यात गेले, उरलेले 5 आपल्या वेटोळ्यात. ब्रश बरोबर मध्यावर आला की 10-10. आपल्या वेटोळ्यात शून्य. पुढे 5 आणि 15. आता वेटोळ्यात 5, पण उलट दिशेने. आणि जुनी पट्टी सुटते त्या क्षणी तिच्यात काही उरलेलंच नसतं! 10, 5, 0, उणे 5, उणे 10. प्रत्यक्षात प्रेरकत्वामुळे ही रेषा थोडी वाकते, पण मूळ काम रोधच करतो. ना सेन्सर, ना ट्रान्झिस्टर. एका काळ्या ठोकळ्याचं क्षेत्रफळ आणि त्याचा 'वाईट' वाहकपणा एवढ्यावर प्रवाह शिस्तीत वळतो. मला हे आजही थक्क करतं.

पण याची किंमत असते. शुद्ध कार्बनच्या ब्रशवर सुमारे 1 व्होल्ट पडतो. आत जाताना एक, बाहेर येताना एक, म्हणजे 2 व्होल्ट गेले. 230 व्होल्टच्या मिक्सरला त्याचं काही वाटत नाही. 12 व्होल्टच्या गाडीत मात्र हा सहावा हिस्सा झाला, आणि 40 अँपिअरला 80 वॉट नुसती उष्णता. म्हणून गाडीच्या ब्रशमध्ये तांबं परत आणावं लागतं. तांब्याची आणि ग्रॅफाइटची पूड मिसळून, दाबून, भाजून हा ठोकळा बनतो, आणि त्याच्या काळ्या रंगात तांबूस झाक दिसते. दोन्ही बाजूंचा मिळून अर्धा व्होल्ट पडला तर उष्णता 20 वॉटवर येते. तांबं वाढवलं तर ठिणगी आणि झीज वाढते, कमी केलं तर उष्णता. एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटारीत एक पळवाट असते: ब्रशचा पुढचा थर तांब्याचा आणि मागची कड जास्त रोधाची करायची. पण स्टिअरिंग डावीकडेही फिरतं आणि उजवीकडेही. आत्ता जी मागची कड आहे ती पुढच्या क्षणी पुढची होते. म्हणून दोन्ही कडा सारख्याच ठेवाव्या लागतात.

यात ग्रॅफाइट घर्षण कमी करण्याचंही काम करतं. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वंगण आहे, असं पुस्तकात असतं. हे अपुरं आहे, आणि ते कळलं विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंच उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांचे ब्रश झपाट्याने झिजून त्यांची पूड होऊ लागली. जमिनीवर तेच ब्रश उत्तम चालत. जनरल इलेक्ट्रिकमधल्या आर. एच. सॅव्हेज यांनी यावर प्रयोग केले आणि 1948 मध्ये ते प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की निर्वात जागेत ग्रॅफाइट वंगण राहतच नाही. त्याला हवेतली वाफ लागते. थरांच्या तुटक्या कडांवर मोकळे बंध असतात, ते समोरच्या पृष्ठभागाला पकडतात. पाण्याचे रेणू त्या कडांवर बसले की पकड सुटते. आता उंचीवर काय होतं पहा. 30 अंशांच्या पूर्ण संपृक्त हवेत, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यासारख्या हवेत, बाष्पाचा दाब सुमारे 42 मिलिबार असतो. साधारण 28,000 फुटांवर तापमान उणे 40 अंश असतं आणि तिथे तो जास्तीत जास्त 0.13 मिलिबार असू शकतो. तीनशे पट कमी! म्हणूनच कोरड्या हवेसाठी ब्रशमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे पदार्थ मिसळतात. त्याला वाफेची गरज लागत नाही. कम्युटेटरवर चालून चालून जी चॉकलेटी चकाकी येते, ती कॉपर ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि पाणी यांचीच पातळ साय असते. कुणी 'स्वच्छ' करायच्या नादात ती पॉलिश पेपरने घासून काढली, तर चांगली बसलेली जोडी मोडते.

स्टिअरिंगमध्ये या घर्षणाला वेगळंच महत्त्व आहे, कारण ते थेट हाताला कळतं. समजा प्रत्येक ब्रशवर स्प्रिंगचं बल 3 न्यूटन, घर्षणांक 0.2, कम्युटेटरची त्रिज्या 12 मिलिमीटर. चार ब्रशचं घर्षण 2.4 न्यूटन, त्याचं आघूर्ण (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) 0.029 न्यूटन-मीटर. क्षुल्लक वाटतं. पण गिअरच्या 18 ने गुणलं की स्टिअरिंगवर अर्धा न्यूटन-मीटर येतो, आणि हायवेवर लेन बदलताना आपण लावतो तो जोरच एक-दोन न्यूटन-मीटरच्या घरातला असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येताना जो चिकटपणा जाणवतो, त्यात या घर्षणाचाही हात असतो. मग स्प्रिंग सैल करायची का? तर खड्ड्यात ब्रश उडेल, संपर्क तुटेल. मिक्सरच्या मोटारीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तसंच आवाजाचं. ब्रश आपल्या खोबणीत सरकायला हवा, म्हणून बाजूला केसभर फट ठेवावीच लागते. दिशा बदलली की ब्रश त्या फटीत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे कलंडतो आणि टक् असा आवाज येतो. इंजिनच्या घरघरीत तो लपला असता, पण ही मोटार आपल्या गुडघ्यांपाशी आहे. शिवाय कलंडलेला ब्रश एका कडेवरच टेकतो, आणि वर सांगितलेला क्षेत्रफळाचा सगळा हिशेब बिघडतो. यावर एक तोड म्हणजे स्प्रिंगचा रेटा किंचित तिरका द्यायचा, म्हणजे ब्रश कायम खोबणीच्या एकाच भिंतीला टेकून राहतो.

झिजण्याची भीती मात्र अनाठायी आहे. मिक्सर मिनिटाला 18,000 फेऱ्यांनी दिवसाला दहा मिनिटं चालला तर 1,80,000 फेरे होतात. शहरात गाडी चालवताना दिवसभरात स्टिअरिंगचे एकूण 100 पूर्ण फेरे झाले असं धरलं, तरी मोटारीचे होतात 1,800. शंभरावा हिस्सा. मिक्सरवाला दर काही वर्षांनी 'कार्बन गेलाय' म्हणतो, त्यावरून स्टिअरिंगची काळजी करू नये.

गाडी जड झाली की गणित बदलतं. करंट वाढतो, ब्रश मोठे करावे लागतात, घर्षण वाढतं आणि जागा पुरत नाही. तिथे ब्रशलेस मोटार योग्यच आहे. तिच्यात प्रवाह वळवायचं काम सहा ट्रान्झिस्टर आणि फिरण्याची जागा ओळखणारा सेन्सर करतात. पण तिचेही स्वतःचे प्रश्न आहेत. एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन अडकला तर फिरणारी मोटार स्वतःच वीज तयार करून ब्रेकसारखी अडते, म्हणून मोटारीची वेटोळी सर्किटपासून तोडण्याची सोय वेगळी करावी लागते. ब्रशच्या मोटारीत कार्बनचा संपर्क सुटला तर मोटार नुसती मोकळी होते. स्टिअरिंग जड लागतं, पिवळा दिवा लागतो, पण दांड्याची चाकांशी असलेली लोखंडी जोडणी तशीच असते आणि गाडी जोर लावून वळवता येते.