अपहार आणि अपव्यय: पुनर्बांधणीच्या खर्चातील दोन वेगळे दोष
युद्धानंतरच्या पुनर्बांधणीत सरकारी निधी बुडाला की ‘कोणीतरी पैसे खाल्ले’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु अपहार आणि अपव्यय हे वेगळे दोष आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही.

अपहारात गुन्हेगार असतो, त्याचा लाभ दाखवता येतो आणि खटला चालतो. इराकमधील हिल्ला येथे अमेरिकी हंगामी प्रशासनाच्या हिशेबनिसाने लाच घेऊन ८६ लाख डॉलरहून अधिक रकमेची कंत्राटे एकाच ठेकेदाराकडे वळवली आणि २००७ मध्ये त्याला नऊ वर्षांची कैद झाली. फसवणुकीबद्दल पूर्वी दोषी ठरलेल्या माणसाच्या हाती कोट्यवधी डॉलर सोपवले गेले, ही नेमणूकच मला अधिक गंभीर वाटते.

अपव्ययात आरोपी सापडतोच असे नाही. अफगाणिस्तानच्या हेल्मंड प्रांतात कॅम्प लेदरनेक तळावर अमेरिकी सैन्यासाठी ६४,००० चौरस फुटांचे मुख्यालय सुमारे ३.६ कोटी डॉलर खर्चून बांधले गेले. ही इमारत नको, असे तेथील सेनाधिकाऱ्यांनी २०१० मध्येच, बांधकाम सुरू होण्यापूर्वी, कळवले होते; तथापि निधी आधीच मंजूर आहे, हे कारण पुढे करून वरून ती विनंती फेटाळली गेली, आणि पूर्ण झालेली इमारत कधीच वापरात आली नाही. अशा खर्चाची मंजुरी, देयके आणि मोजमापे कागदोपत्री बिनचूक असू शकतात, म्हणून केवळ व्हाउचर तपासणाऱ्या लेखापरीक्षणातून तो सुटतो. तो पकडायचा तर गरज खरोखर आहे का, हे काम चालू असतानाच विचारणारी आणि काम थांबवू शकणारी यंत्रणा लागते. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवरील खर्च तपासणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांना लेखापरीक्षण, प्रत्यक्ष पाहणी आणि गुन्हे तपास हे तिन्ही अधिकार होते, पण ते कार्यालय २००८ मध्ये, युद्ध सुरू होऊन सात वर्षे झाल्यावर स्थापन झाले, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला नव्हता. ते शिफारस करू शकत होते.

काही प्रकरणे सीमारेषेवर राहतात. अफगाण हवाई दलासाठी इटलीकडून घेतलेल्या २० जुन्या जी-२२२ मालवाहू विमानांवर सुमारे ५५ कोटी डॉलर गेले, आणि त्यांपैकी १६ विमाने अखेर सुमारे ४०,००० डॉलरला भंगारात निघाली. या खरेदीतील एका निवृत्त अमेरिकी वायुदल अधिकाऱ्याच्या हितसंबंधांचा तपासही झाला, परंतु २०२० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने खटला न भरण्याचा निर्णय घेतला.