रंगमंचावरचे सोबती : स्वमग्न मुलांच्या नाट्यवर्गांची पार्श्वभूमी

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, किशोरांच्या नाट्यवर्गात स्वमग्न नसलेली मुलं घ्यावीत का, आणि घेतली तर कोणत्या कामासाठी, हा प्रश्न मुंबईत अशा वर्गांशी संबंध आलेल्या पालकांमध्ये हमखास निघतो. त्याची मुळं गेल्या पंधरा-सतरा वर्षांत आहेत, त्यामुळे आधीचा इतिहास थोडक्यात उरकलेला बरा.

नाटकातून उपचार करण्याची कल्पना १९२१ च्या व्हिएन्नापर्यंत मागे नेतात. तिथल्या एका डॉक्टरने लोकांना स्वतःच्याच आयुष्यातले प्रसंग रंगमंचावर करायला लावले आणि त्यातून मनोनाट्याची पद्धत उभी राहिली. मुंबईत १९५९ पासून मराठी बालनाट्याने मूळ धरलं. गिरगाव-दादरच्या दोन पिढ्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या प्रयोगांवर वाढल्या. मात्र ते प्रेक्षागृह खुर्चीत शांत बसू शकणाऱ्या मुलांचं होतं. विशेष शाळांमध्ये नाटक यायचं ते स्नेहसंमेलनापुरतं. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले, मुलं झाडं नाहीतर फुलपाखरं, आणि विंगेतून हातवारे करणाऱ्या बाई. टाळ्या मिळायच्या, पण त्यातून मूल काय शिकलं हे विचारायची पद्धत नव्हती.

कायद्याची वाटही लांबची. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचं नाव घेतलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याला जागा दिली आणि तो कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दरम्यान २००९ मध्ये ऑटिझम मोजण्यासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आली होती. सामाजिक नातं आणि प्रतिसाद हा तिचा पहिला विभाग. आपलं मूल ‘सामाजिक कौशल्यात कमी’ असल्याचं अनेक पालकांना पहिल्यांदा कागदावर दिसलं ते इथे. मग ती कमी भरून काढणारे वर्ग शोधणं ओघानेच आलं.

सुरुवातीचे वर्ग टेबलाभोवतीचे होते. भावनांची चित्रं असलेली कार्डं, ‘नमस्कार कसा करायचा’, ‘बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ’. पंचाईत अशी की खोलीत शिकलेलं खोलीतच राहायचं. लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी अचानक ‘काय रे, कुठे निघालास?’ विचारलं की कार्ड आठवत नसे. २०१२ मध्ये अशा गटांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेल्या, निकषांत बसणाऱ्या चाचण्या त्याला फक्त पाच मिळाल्या, सहभागी मुलं मिळून १९६, आणि त्या सगळ्या अमेरिकेतल्या. सामाजिक वावरात काही सुधारणा दिसली. समोरच्याच्या भावना ओळखण्यात मात्र विशेष फरक दिसला नाही.

नाटकाकडे लक्ष गेलं ते या पार्श्वभूमीवर. अमेरिकेत २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या एका विद्यापीठीय कार्यक्रमाने पुढच्या बहुतेकांना साचा पुरवला. त्याची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ८ ते १४ वयाच्या ३० मुलांवरची होती. चार-चार तासांची दहा सत्रं आणि शेवटी प्रेक्षकांसमोर प्रयोग. अर्ध्याअधिक मुलांना लगेच प्रवेश, बाकीची प्रतीक्षायादीत. चेहरे लक्षात ठेवणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं यांत फरक दिसला. २०१९ मध्ये ७७ मुलांवरचा पुढचा अभ्यास आला. पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या जरा हात राखूनच वाचायला हव्यात, कारण आपलं मूल वर्गात जातंय की यादीत थांबलंय हे पालकांना ठाऊक असतंच.

नाटकच का, याचं उत्तर तालमीला बसलेल्या कोणालाही पटेल. कोण कधी बोलणार हे संहितेत लिहिलेलं असतं. एन्ट्री ठरलेली, जागा ठरलेली, अडलं तर प्रॉम्प्टर आहे, आणि तिसऱ्या घंटेनंतर काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय तोच प्रसंग वीस वेळा केला तरी कोणी वैतागत नाही, उलट त्याला मेहनत म्हणतात. पुन्हा पुन्हा तेच करण्याची आवड इतर ठिकाणी दोष ठरते, तालमीत ती कामी येते.

त्या अमेरिकी साच्यातला सगळ्यात वादाचा भाग म्हणजे सोबती. प्रत्येक स्वमग्न मुलाबरोबर स्वमग्न नसलेलं, आधी प्रशिक्षण दिलेलं एक मूल. त्याने बोलायचं, बघायचं, हसायचं, आणि ते पाहून दुसऱ्याने शिकायचं. ब्रिटनमध्ये याच काळात वेगळ्या वाटा होत्या. एका पद्धतीत शेक्सपिअरच्या ओळींची लय हृदयाच्या ठोक्याशी जोडून व्यावसायिक नट मुलांबरोबर गोल करून खेळत. २०११ ते २०१४ मधल्या एका विद्यापीठीय प्रकल्पात तर संहिताच नव्हती. प्रकाश, आवाज आणि बाहुल्यांनी भरलेल्या छोट्या जगात मूल जे करील त्यावर नट प्रतिसाद देत. म्हणजे पुढाकार मुलाचा आणि मागोमाग जाणं नटाचं.

मुंबईत साचा आला तो अमेरिकी वळणाचा. सोबती आणायचे कुठून, हे मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं. व्यवहारात ती जागा भावंडं, नाट्यशिबिरातली मुलं किंवा सेवेचे तास भरून प्रमाणपत्र हवं असलेले कॉलेजचे विद्यार्थी घेतात. भावंडं थकलेली असतात, घरी जे करतात तेच इथेही करायचं. कॉलेजची मुलं उत्साही, पण परीक्षा आल्या की गायब, आणि एका चेहऱ्याची सवय व्हायला महिना लागणाऱ्या मुलासाठी हे सोपं नसतं. शिबिरातली मुलं त्यातल्या त्यात बरी, कारण ती नाटकासाठी आलेली असतात. पण त्यांनाही ‘तुम्ही यांना मदत करायला आहात’ असं पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन तालमींत त्यांच्या बाई होतात.

याच सुमारास वैचारिक जमीनही हलली. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने असं मांडलं की संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी. स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही स्वमग्न माणूस कळत नाही. २०१७ पासून स्वमग्नपण लपवण्याच्या धडपडीवर अभ्यास येऊ लागले. डोळ्यांत बघण्याचं सोंग, घरी आरशासमोर घोकलेलं हसू, आणि त्यानंतर येणारा गळून गेल्यासारखा थकवा. त्या उजेडात सोबत्याची नक्कल करायला लावणारा नाट्यवर्ग म्हणजे सोंग वठवायचा सराव, असा आक्षेप प्रौढ स्वमग्न व्यक्तींकडून आला. वर्ग चालवणाऱ्यांचं उत्तर असं की भूमिका ही भूमिका आहे हे रंगमंचावर सगळ्यांना माहीत असतं, प्रयोग संपला की मेकअप उतरतो.

उत्तर अर्धंच खरं आहे. राजाची भूमिका उतरते. ‘नीट वागणारा मुलगा’ ही भूमिका उतरवायची परवानगी मुलाला वर्गाबाहेर कोणी देत नाही. तरीही सोबती नकोतच, हे टोक पटत नाही. नमुना म्हणून बसवलेला सोबती आणि सहकलाकार म्हणून आलेला सोबती यांत फरक आहे, आणि तो तालमीच्या वेळापत्रकात दिसतो. दिग्दर्शकाच्या सूचना दोघांना सारख्याच मिळतात का? वाक्य विसरण्याची मुभा दोघांना आहे का? गडबड वाढली की हॉलबाहेर जाऊन बसायची सोय फक्त एकाचीच आहे का? चाचण्यांत मोजमाप झालं ते मुख्यतः स्वमग्न मुलांचं. सोबत्याला थांबायला, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत गप्प राहायला किती जमलं, हे तापमापक एकाच्याच काखेत लावल्यामुळे कळलं नाही.

मुंबईत आणखी एक गाठ भाषेची आहे. ‘मुलाशी एकच भाषा बोला’ असा सल्ला इथल्या अनेक घरांना मिळाला, आणि शाळेमुळे ती भाषा बहुधा इंग्रजी ठरली. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही. पण तोवर आजीशी मराठीत बोलणं थांबलेलं होतं. परिणामी नाट्यवर्गही इंग्रजीत किंवा हिंदीत चालतात, आणि बालनाट्याचा साठ वर्षांचा मराठी खजिना बाजूला पडतो. ठेक्यावर चालणारे संवाद, पुन्हा पुन्हा येणारी पालुपदं, हे सगळं या मुलांसाठीच लिहिल्यासारखं आहे. ते वापरणारे वर्ग थोडे आहेत.

अलीकडे राज्य नाट्य स्पर्धेत दिव्यांग बालनाट्याचा वेगळा विभाग झाला. त्यामुळे संघांना मोठा रंगमंच मिळतो आणि परीक्षकही मिळतात. वेगळ्या विभागामुळे मिश्र संघाने कुठे उतरायचं, हा प्रश्न मात्र नव्याने उभा राहतो.

वयाची अडचण त्याहून जुनी. वरच्या दोन्ही अमेरिकी अभ्यासांत सोळाच्या पुढचं कोणी नव्हतं. २०१६ च्या कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही ६ ते १८ वयापर्यंतचा. त्यानंतरच्या तरुणांना घ्यायचं की नाही, हे प्रत्येक वर्ग आपापल्या हॉलच्या भाड्याकडे बघून ठरवतो. काही ठिकाणी ही मुलं प्रकाशयोजनेच्या बोर्डावर किंवा ध्वनीच्या टेबलावर बसू लागली आहेत, आणि तिथे सोबती लागतो का, याचं उत्तर आता त्यांनाच विचारलं जातं.